बाभळीची मधली फांदी

तळी कुणाच्याच नावावर नव्हती, त्या काळची गोष्ट. सुगरणींच्या थव्याने तळ्यावर झुकलेल्या बाभळीवर तीस घरट्यांची वसाहत आखली. मधल्या फांदीवरून मासे टिपणारा खंड्या खवळला. "घरटी लोंबली की पाणी दिसणार कसं? पिल्लांना काय तुमच्या काड्या भरवू?"

"शेजारी कुरकुरणारच," म्हणत नर विणत राहिले.

त्यांची रीत अशी, की नराने अर्धं घरटं विणायचं आणि मादीने पसंत केलं तरच पुरं करायचं. नवी नवरी सावरी सकाळभर खंड्याच्या फांदीवर बसून खालचं पाणी दिसतं का ते पाहून आली. मग नवऱ्याला म्हणाली, "वीण सुरेख आहे हो. पण नापसंत."

"कमी काय आहे?"

"शेजार. शिकरा आला की पहिली आरोळी खंड्याच मारतो. तो उपाशी उडून गेला तर?"

बाकीच्या माद्यांनीही आपापल्या घरट्यांवरून माना फिरवल्या.

"अगं, अंडी घालायचे दिवस तोंडावर आलेत!"

"म्हणूनच म्हणते, लवकर उसवा."

दुपारपर्यंत मधली फांदी मोकळी झाली. तिसांपैकी अठराच घरटी कडेच्या फांद्यांवर दाटीने मावली. खंड्याने बसून पाहिलं. "डावीकडचं एक अजून आड येतंय."

ते सावरीचंच होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पहिली काडी स्वतःच ओढली.