गजतालूचे सोळा दगड

"आणि त्याच्या वर?" देवपाळ सूत्रधाराने विचारले.

"कर्णदर्दरिका."

"त्याच्या वर?"

"रूपकंठ. मग गजतालु, हत्तीच्या टाळूसारखा आत वळलेला थर. त्यावर कोल. आणि मधोमध खाली लोंबते ती पद्मशिला."

सोढळने मंडपाच्या छताची ही नावे मान वर न करताच सांगितली. मान वर करायची त्याला गरजच वाटत नव्हती. पायथ्याच्या अधिष्ठानापासून शिखरावरच्या आमलकापर्यंत देवळाच्या अंगावरची दोनशे नावे त्याच्या जिभेवर होती. ऐकायला कोणी नसले तर तो ती भिंतीला ऐकवी.

पारगावचे महाजन खूश झाले. त्यांना गावच्या नदीकाठी देऊळ बांधायचे होते. पायाचा मुहूर्त अक्षय तृतीयेचा, आठ दिवसांवर आलेला. देवपाळांचे गुडघे गेलेले, ते काही एवढ्या लांब येणार नव्हते.

देवपाळांच्या खांद्यावर गाठी मारलेली मापाची दोरी असे. तिला सूत्र म्हणत. ते सूत्र ते ज्याच्या खांद्यावर ठेवतील तो नवा सूत्रधार, आणि त्यालाच महाजन घेऊन जाणार होते. त्यांच्या हाताखाली शिकणारा सोढळ बारा वर्षे त्या दोरीकडे बघत आला होता.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" महाजन म्हणाले. "हे एवढं मोठं छत यानंच बसवलंय ना? मग याच्याच खांद्यावर ठेवा की सूत्र."

"ठेवतो," देवपाळ म्हणाले. "टेकू निघू देत."

छताखाली चार लाकडी टेकू अजून उभे होते. छतात चुन्याचा थेंब नव्हता. दगडाने दगडाला धरायचे, एवढाच आधार. दगड एकमेकांना धरतात की नाही, हे टेकू निघाल्यावरच कळणार. म्हणून या लोकांत एक रीत होती. ज्याने छत बसवले, त्याने टेकू काढताना त्या छताखाली बसायचे.

"बसतो," म्हणत सोढळने बरोबर मध्यावर मांडी घातली.

लाकडी मोगऱ्या घेऊन वडारी पुढे झाले. यल्लवा मात्र जागची हलली नाही. तीस वर्षे ही वडारीण खाणीत दगड वाजवून निवडत होती.

"काय गं यल्लवा?" देवपाळांनी विचारले.

"ते गजतालु का काय म्हनत्यात न्हवं, त्या सोळा दगडांतला एक बद्द वाजतुया. म्या परवाच सांगितलं हुतं यास्नी."

सोढळ हसला.

"तात, मी तेव्हाच हिला विचारलं, बद्द हे कुठल्या ग्रंथातलं लक्षण? शिलेचे दोष मला सगळे पाठ आहेत. रेषा, बिंदू, कलंक… बद्द काही त्यात नाही."

परवाही तो हेच म्हणाला होता आणि परवाही लोक हसले होते.

"तू वाजवून पाहिलास?" देवपाळांनी विचारले.

"वाजवायचं काय त्यात? रेघ नाही, डाग नाही. चारी बाजूंनी पाहिलाय मी."

"बरं…"

देवपाळ काठी टेकत उठले.

"कुठला दगड गं?"

यल्लवाने उगवतीच्या बाजूला बोट केले. देवपाळ लंगडत लंगडत गेले आणि त्याच दगडाच्या बरोबर खाली बसले. दुखरा पाय त्यांनी लांब केला आणि काठी शेजारी ठेवली.

सोढळ गडबडला.

"तात, रीत तर छत बसवणाऱ्याची आहे."

"हो."

"मग तुम्ही कशाला बसता?"

"छताचे दगड तू घडवलेस. तुला कोणी घडवलं?"

हा प्रश्न कुठल्या ग्रंथात नव्हता.

पहिला टेकू निघाला. काही झाले नाही.

दुसरा निघाला. तरीही काही झाले नाही.

महाजनांनी माना डोलावल्या. सोढळने मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून छताकडे पाहिले.

एकटा असता तर तो शेवटपर्यंत बसून राहिला असता, यात मला शंका नाही. चारचौघांत थांबा म्हणण्यापेक्षा डोक्यात दगड पडलेला बरा, असे वाटण्याचे वय होते त्याचे. पण त्या दगडाखाली आता म्हाताऱ्याचे टक्कल होते. म्हातारा गुडघा चोळत बसला होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

वडाऱ्याने तिसऱ्या टेकूवर मोगरी उगारली.

"थांबा!"

मोगरी हवेतच राहिली.

"का? काय झालं?" महाजनांनी विचारले.

सोढळचे तोंड एवढेसे झाले.

"तो दगड… मी वाजवून पाहिलेला नाही."

काढलेले टेकू आधी परत लावले. मग तो परांचीवर चढला. वर जाताना त्याने एका खांबावर हातोडी मारून पाहिली. खांब ठण्ण वाजला. मग उगवतीच्या त्या दगडावर मारली.

फुटके मडके वाजावे तसा आवाज आला.

त्याने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. आवाज बदलेल अशी त्याला आशा होती, पण दगड काही बदलला नाही.

"बद्द आहे," तो वरूनच म्हणाला.

महाजन कामाची माणसे होती. त्यांनी एकच विचारले.

"किती दिवस लागतील?"

"वरचे थर उतरवायचे. नवा दगड आणायचा, घडवायचा, सगळं परत बसवायचं… महिना."

"आमचा मुहूर्त आठ दिवसांवर आलाय."

"हो."

"हे आत्ता बोलला नसतात, तर उद्या आमच्याबरोबर निघाला असतात."

"हो…"

"मग आम्हाला दुसरा कोणी बघावा लागेल. राग मानू नका."

राग कोणीच मानला नाही. महाजनांनी देवपाळांना नमस्कार केला आणि उन्हं उतरायच्या आत ते निघून गेले. मापाची दोरी देवपाळांच्या खांद्यावरच राहिली.

सोढळने सहा दिवस वरचे थर उतरवले. जेवायला तो सगळ्यांच्या शेवटी बसला. सातव्या दिवशी तो दगड दोराने खाली आला. यल्लवाने त्याच्यावर एकच घाव घातला आणि दगडाची दोन शकले झाली. आतली चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, लाल मातीने भरलेली. बाहेरून कशाचा मागमूस नव्हता.

सोढळने ती माती बोटाने उकरून पाहिली. मग खाली वाकून त्याने यल्लवाच्या पायांना हात लावला.

तिने पाय झटकन मागे घेतले.

"काय करतुयास ह्ये? ऊठ की. लोकं बघत्यात."

"बघू देत," सोढळ म्हणाला.

तिथून तो थेट देवपाळांकडे आला. ते मंडपातच खांबाला टेकून पान लावत बसले होते.

"तात…" त्याचे डोळे भरून आले होते. "पारगाव गेलं. जाऊ दे, त्याचं दुःख नाही. पण माझे डोळे उघडले. दोनशे नावं पाठ केली आणि एक दगड ऐकला नाही. नावांचा तो तोरा आता मेला, तात. माझ्यात आता अहंकाराचा कणही उरला नाही."

बोलणे सुरेख होते. येता येता वाटेत दोनदा घोकलेले असावे.

देवपाळांनी सगळे नीट ऐकून घेतले. पानाला चुना लावला, सुपारी घातली, विडा तोंडात टाकला.

सोढळ वाट पाहत उभा राहिला.

देवपाळांनी मान वर केली. छताच्या मध्यातून आभाळ दिसत होते. गजतालूच्या कड्यात एका दगडाची जागा रिकामी होती, बाकीचे होते तिथेच होते.

"सोढळ…"

"काय तात?"

"उरलेले पंधरा वाजवून पाहिलेस?"