करकोच्याची पट्टी

फार जुनी गोष्ट आहे, कधीची ते विचारू नका. एका तळ्याकाठच्या गावात एक हाडवैद्य राहायचा. माणूस असो की बैल, मोडलेलं हाड त्याच्या हाताखाली आलं की सरळ व्हायचं.

एका हिवाळ्यात परमुलखातले करकोचे तळ्यावर उतरले. हरभऱ्याच्या रानात शिरले, आणि राखणदाराच्या गोफणीनं त्यातल्या एकाचा पंख मोडला. वैद्यानं पाखराला पोटाशी धरून घरी आणलं. बांबूच्या कामट्या लावून वर पट्टी बांधली, हातानं दाणे भरवले.

बातमी गावोगाव गेली. माणसं बघायला यायची, पट्टीला हात लावायची, म्हणायची, "काय देवमाणूस आहे हो." वैद्याला ते गोड लागायचं.

एक दिवस त्यानं अंगठ्यानं पंख चाचपला. पाखरू जरासुद्धा दचकलं नाही. हाड जुळलं होतं.

बायको म्हणाली, "मग सोडा की पट्टी. लोकांना तर बजावून सांगता, हाड जुळल्यावर बांधून ठेवू नका, सांधा आखडतो म्हणून."

"अगं, खालच्या आळीचे पाहुणे उद्या यायचेत. परवा सोडतो."

"पाखराचं दुखणं गेलं. तुमचं काही जायचं लक्षण दिसत नाही."

परवा आणखी पाहुणे आले. मग पाटलीणबाई आल्या. पट्टी तशीच राहिली.

ऊन तापू लागलं. एका सकाळी थवा उठला आणि ओरडत गावावर घिरट्या घालू लागला. अंगणातलं पाखरू मान वर करून धडपडलं. वैद्यानं घाईघाईनं गाठ सोडली. पाखरू धावलं. एक पंख उघडला, दुसरा अर्ध्यातच अडला. पुन्हा धावलं, कुंपणावर आपटलं. थवा बराच वेळ घुटमळला आणि निघून गेला.

तेवढ्यात परगावची मंडळी दारात आली. "हेच का ते, वैद्यबुवा, तुम्ही जगवलेलं पाखरू?"

वैद्याची मान खाली गेली. "जगवलं मीच, आणि अधूही मीच केलं. दगडानं मोडलेला पंख जुळला होता. मी बांधून ठेवला, तो आता उघडत नाही."

मंडळी आल्या वाटेनं परतली.

तो रोज पंखाला तेल चोळत बसे, पण पंख काही पुरता उघडला नाही. लोकांसमोर जायची त्याला लाज वाटे. पाखरासमोर त्याहून जास्त वाटे, कारण ते अजून त्याच्याच हातचे दाणे खात होतं.

मुलांनो, मोठ्यांनो, बरं झालेल्याला जो आपल्या मोठेपणासाठी धरून ठेवतो, तो त्याला दुसऱ्यांदा जखमी करतो.