सोनाबाईपुढचा सात

"मग आता मी घरी जाऊ?"

निषादने पुन्हा विचारलं, तरी चिद्घनस्वामी आपले सुंठ निवडतच बसले होते.

मठाच्या दवाखान्यातल्या रोग्यांची सगळी माहिती संगणकावर निषादच सांभाळायचा. गावी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. पण आपण हललो की काम अडणार, हे त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. सांगताना छाती जरा फुगायची, हेही खरं.

आता त्याने तोड काढली होती. रोज पहाटे डेटाबेसमधली सगळी टेबलं आपोआप दुसऱ्या डिस्कवर जात, आणि त्यांच्यासोबत त्यांचा स्कीमाही, म्हणजे कुठल्या रकान्यात काय बसतं त्याचा आराखडा.

"दाखव," स्वामी म्हणाले.

निषादने ती नक्कल एका कोऱ्या संगणकावर चढवली. आधी आराखडा उभा राहिला, मग रोगी भराभर आपापल्या जागी येऊन बसले. कुठे काही अडलं नाही. स्वारी खूश झाली.

स्वामींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"या सोनाबाईपुढे सात का रे?"

"सात म्हणजे बिब्बा द्यायचा नाही. त्यांना उततो, अंगभर फोड येतात."

"हे आराखड्यात आहे?"

"तिथे आकडा येतो… एवढंच आहे."

"आणि अर्थ?"

निषादचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला.

"मग या डोक्याची नक्कल कधी काढतोस?"

आपण गावी आणि इथे कुणी सोनाबाईंना बिब्बा दिला तर? निषादच्या मनात आलं.

तो तिथेच मान खाली घालून कामाला बसला. एकेका आकड्याचा अर्थ त्याने आराखड्यातच लिहिला आणि नवी नक्कल काढली. मग मठात नुकत्याच आलेल्या विशाखाताईंना समोर बसवलं. त्यांनी त्याला एक अक्षर न विचारता सगळं वाचून दाखवलं, सोनाबाईंच्या बिब्ब्यासकट.

निषादला फार बरं वाटलं. आणि थोडं खट्टूही.

"स्वामी, आता माझ्यावाचून इथे काहीच अडत नाही."

"नाही अडत."

"मग… परत कशाला येऊ?"

स्वामींनी निवडलेल्या सुंठीची पुडी बांधली, आईला दे म्हणून त्याच्या हातात ठेवली आणि मनापासून हसले.

"आजवर इथे तुझं काम राहत होतं. आता तू राहायला ये."