खुर्ची बसली

जंगलात वीज आली आणि सगळ्यांची झोप उडाली, त्या काळची गोष्ट. गबदू नावाच्या अस्वलाला 'पोळं फोड' या कॉम्प्युटर गेमचं भयंकर वेड होतं. अंतिम सामना साळिंदराशी होता आणि बक्षीस होतं मधानं निथळणारं खरंखुरं पोळं! म्हणून गबदूनं वानरशेठच्या दुकानातून लाल-काळी, पाठीला पंखांसारख्या कडा असलेली गेमिंग खुर्ची आणली.

सामना सुरू झाला आणि खुर्ची फुस्स करत खाली जाऊ लागली. टेबल आधी हनुवटीला लागलं, मग नाकाला आणि मग पडदाच दिसेना. साळिंदर जिंकलं, वर पोळंही तिथंच बसून चाटलं.

गबदूनं वानरशेठला फोन लावला. "अहो शेठ, खुर्ची बसली!"

"बसली ना? वा! सगळ्यांना अशी पहिल्याच दिवशी बसत नाही."

"तसं नाही हो! मी बसलो की तीही बसते!"

"मग तिनं काय दिवसभर उभं राहायचं?"

"माझंही तेच म्हणणं आहे," खुर्ची खालून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गबदू खुर्ची घेऊन वानरशेठच्या दुकानासमोर जाऊन बसू लागला. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे बघत नुसता फुस्स करून खाली जायचा. गिऱ्हाईक आल्या पावली परत फिरायचं.

महिन्याभरात एका रात्री गबदूचा फोन वाजला. वानरशेठ रडत होता. "गबदूदादा, माझा धंदा बसला हो!"

"बसला ना?" गबदू म्हणाला. "वा!"