इत्यादीत राहिलेले सरडे

एकदा एका कोशमंडळाच्या कचेरीत, मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता, नऊ चिठ्ठ्यांच्या खालच्या कडा कात्रीने कापल्या गेल्या. कचेरी तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खिडक्या उघड्या होत्या, पंखा बंद होता. बाकीची मंडळी खाली चहाला गेली होती आणि खोलीत एकच मनुष्य होता. मंडळाच्या इतिवृत्तात 'कागद जीर्ण झाल्यामुळे कडा गळून पडल्या' अशी नोंद आहे. ती नोंद खोटी आहे. कागद तीन आठवड्यांपूर्वीचा होता आणि कात्री सरळ चालली होती.

खोलीतल्या त्या मनुष्याचे नाव हेरंब सोवनी. वय सत्तेचाळीस. इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला आणि चौदा वर्षे एका वृद्ध कोशकाराच्या हाताखाली इंग्रजी-मराठी कोशाचे काम करणारा. कोशकाराला सगळे तात्या म्हणत. हेरंबने तात्यांसाठी महाविद्यालयातली नोकरी नाकारली होती, आणि ही गोष्ट तो कोणालाही सांगत नसे; म्हणजे वर्षातून दोनतीनदाच सांगत असे.

तात्यांच्या कोशाची एक रीत होती. इंग्रजी शब्दासमोर जो मराठी शब्द लिहायचा, त्याची एक स्वतंत्र चिठ्ठी करायची. चिठ्ठीच्या खालच्या दोन बोटे जागेत साक्ष लिहायची: शब्द कोणाच्या तोंडून ऐकला, त्या माणसाचे नाव आणि गाव. साक्ष नसेल तर शब्द कितीही गोड असो, तो छापायचा नाही. तो जायचा कपाटाखालच्या पत्र्याच्या पेटीत. "शब्दाला व्युत्पत्ती नसली तरी मी चालवून घेईन," तात्या म्हणत, "पण त्याच्या बाजूने उभं राहणारं माणूस हवं." कोशाच्या कामातल्या पंडितांना ही रीत हास्यास्पद वाटे. ती हास्यास्पद नव्हती. ज्यांच्या तोंडची भाषा आपण छापतो त्यांची नावे कुठेच नसतात, हा अन्याय त्या एका माणसाने आपल्यापुरता बंद केला होता.

कोशाचा 'एल्' या अक्षराचा खंड संपत आला होता. तात्या ऐंशीच्या पुढे गेले होते. पुढच्या खंडांसाठी आपल्या नावाखाली दुसरे नाव कोणाचे लावायचे, ते शुक्रवारपर्यंत कळवा, असे मंडळाने त्यांना लिहिले होते. ते नाव म्हणजे केवळ मुखपृष्ठावरची एक ओळ नव्हती. तात्यांच्या पश्चात कोश कोणाचा, याचे ते उत्तर होते. आणि चौदा वर्षे हेरंबला त्या उत्तराविषयी शंका नव्हती.

शंका आली ती 'लिझर्ड' या शब्दापासून.

हा शब्द हेरंबने मन लावून केला होता. इंग्रजांनी या एका प्राण्याच्या नावावर किती संसार थाटला आहे, हे पाहून त्याला हर्ष झाला होता. त्या नावाचे कातडे बुटांना आणि पाकिटांना लागते. श्रीमंत बायकांच्या दिवाणखान्यात लोळत त्यांच्या जिवावर जगणाऱ्या पुरुषालाही तेच म्हणतात. शिडाच्या जहाजावर टोकाला कडी असलेल्या आखूड दोराला तेच नाव. दगड ओढून न्यायच्या बेचक्याच्या लाकडालाही तेच. इंग्लंडच्या दक्षिण टोकाचा एक भूभाग, खवल्यांसारखी नक्षी असलेला एक पाळीव पक्षी, आकाशातला एक फिकट तारकासमूह. सगळे एकाच नावाचे. हेरंबने आठ अर्थ आठ चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिले. पहिला अर्थ, म्हणजे खुद्द तो प्राणी, त्याने एका ओळीत उरकला: 'पाल, सरडा इ.'

तात्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. "चांगलं आहे," म्हणाले. मग पहिली चिठ्ठी त्यांनी बाजूला काढली आणि सुगंधा हिलमच्या हातात दिली. "या 'इ.'च्या पोटात कोण कोण आहे, बघून ये."

सुगंधा दोन वर्षांपूर्वी आली होती. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीवरची, बी. ए. झालेली, सव्वीस वर्षांची मुलगी. इंग्रजी तिला बेताचे येई आणि ती ते लपवत नसे. पंधरा दिवसांनी ती नऊ चिठ्ठ्या घेऊन परतली. भिंतीवरची वेगळी, झाडाच्या ढोलीतली वेगळी. कुंपणावरचा वेगळा. घोरपड वेगळी आणि तिच्या पिलाला निराळे नाव. पाचोळ्यात सळसळणारी, तुळतुळीत अंगाची सापसुरळी; तिलाच दोन डोंगर पलीकडे चोपई म्हणतात. डोळे दोन दिशांना फिरवीत फांदीवर पाऊल टाकू की नको करणारा एक. आणि उन्हाने तापलेल्या कातळावर उभा राहून गळ्याखाली निळा-तांबूस पंखा उघडणारा एक. "सर, तुम्ही पाल आणि सरडा एका ओळीत बसवलेत," ती हेरंबला हसत म्हणाली, "ते दोघं एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत."

तात्यांनी त्या नऊ चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या.

हेरंबच्या काळजात रुतली ती ही गोष्ट. चौदा वर्षांत तात्यांनी त्याची एकही चिठ्ठी मोठ्याने वाचली नव्हती. टंकलेखन करणाऱ्या नलूताईंनी वर मीठ चोळले: "सोवनी, ती 'इत्यादी' तुम्हाला फार महागात पडली हो." त्यानंतर हेरंबला काय काय दिसू लागले! तात्या डब्यातली अळूवडी सुगंधापुढे करतात. तात्या तिला खिडकीजवळची जागा देतात. ती बोलताना तात्या कानामागे हात धरतात. आपण बोलताना धरत नाहीत. हे सगळे पूर्वीही घडत असेल, पण पूर्वी त्याने मोजले नव्हते. आता तो सकाळी कचेरीत येताच मोजायला बसे. घरी जेवताना घास तोंडाशी थांबे. इंग्रजी ज्याला येत नाही तो इंग्रजी-मराठी कोश पुढे कसा नेणार, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. मात्र तो प्रश्न त्याने तात्यांना विचारला नाही. त्याने कात्री घेतली.

साक्ष गेली की चिठ्ठी पेटीत जाते; नऊ चिठ्ठ्या गेल्या की सुगंधाचे काम निष्काळजी ठरते. शुक्रवारला तीन दिवस होते. कापलेल्या पट्ट्या त्याने खिशात घातल्या आणि संध्याकाळी घरी जाऊन बंबात टाकल्या. त्या रात्री त्याला शांत झोप लागली, हेही नमूद करायला हवे.

बुधवारी सकाळी सुगंधाने खण उघडला. एकेक चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. मग चिठ्ठ्या हातात घेऊन तात्यांच्या टेबलापाशी गेली.

"कसर लागली असेल," हेरंब आपल्या जागेवरून म्हणाला. "जुनं कपाट आहे."

"कसर पट्टी लावून खात नाही, सर."

तात्यांनी चष्मा पुसला. एक चिठ्ठी उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. सगळ्यांना वाटले, आता विचारतील. हेरंबने उत्तरही जुळवून ठेवले होते. परंतु तात्यांनी काहीच विचारले नाही. त्यांनी कपाटाखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली, खाली बसून तासभर चिठ्ठ्या उपसल्या, आणि तळातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर शब्द होता 'जळफळाट'. खाली साक्षीची जागा कोरी होती.

"ही बावीस वर्षं इथे पडली आहे," ते म्हणाले. "आज तिची सोय लावू."

नलूताईंनी हेरंबकडे पाहिले, हेरंबने नलूताईंकडे. नऊ चिठ्ठ्या टेबलावर उघड्या पडलेल्या, शुक्रवार दारात, आणि हा म्हातारा केव्हाच छापून झालेल्या 'ई' खंडातल्या, 'एन्व्ही'समोर राहून गेलेल्या शब्दाची साक्ष शोधत बसला होता. वय झाले, असे हेरंबच्या मनात आले. आणि त्याला सुटल्यासारखेही वाटले.

तात्यांनी टाक उचलला आणि साक्षीच्या जागी आपले पूर्ण नाव लिहिले. गाव लिहिले. मग चिठ्ठी सुगंधाकडे सरकवली.

"तुला येतो का हा शब्द? दुसऱ्याबद्दल नव्हे. स्वतःबद्दल."

सुगंधाने जरा विचार केला. "येतो," ती म्हणाली. "सर ते जहाजाचा दोर, आकाशातल्या चांदण्या सांगत होते ना, त्या दिवशी. घरी जाऊन मी आईशी भांडले. मला हे कोणी का शिकवलं नाही म्हणून." तिने नाव लिहिले.

चिठ्ठी नलूताईंकडे गेली. "माझी धाकटी जाऊ," एवढेच पुटपुटून त्यांनीही सही केली.

चिठ्ठी हेरंबपुढे आली. तिच्यावर आता एका नावापुरतीच जागा होती.

तात्या सावकाश बोलले. "हेरंबा, हा शब्द का छापता आला नाही, ते तुला माहीत नाही. मनातल्या शब्दाला माझा नियम कडक आहे. साक्षीदाराने तो स्वतःविषयी उच्चारलेला हवा. भूक, लाज, भीती, सगळ्यांना साक्षीदार मिळाले. राग तर लोक अभिमानाने सांगतात. पण जळफळाट? 'त्याचा जळफळाट झाला', 'तिचा जळफळाट होतोय'. बावीस वर्षं मी गावोगाव विचारलं. माझा झाला, असं म्हणणारं एकही माणूस भेटलं नाही. जो शब्द सगळे दुसऱ्याच्या नावावर टाकतात, तो बरा कसा होणार? त्याला घर नाही. मग तो कात्र्या शोधत फिरतो."



"मी पहिली सही केली ती उदारपणाने नाही," तात्या म्हणाले. "तू आलास तेव्हा तुझं इंग्रजी ऐकून मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मी मॅट्रिक. जे शब्द मी दिव्याखाली बसून एकेक करून मिळवले, ते तुला चालता-बोलता येत होते. तुझ्या चिठ्ठ्या मी कधी मोठ्याने वाचल्या नाहीत. चांगल्या होत्या, म्हणून वाचल्या नाहीत. चौदा वर्षं मी हे कोणाला बोललो नाही. आणि त्या न बोलण्याने शेवटी काय कापलं, ते आज मला या टेबलावर दिसलं."

खाली वाचनालयात कोणीतरी वर्तमानपत्राची घडी करत होते. तो आवाज वर ऐकू आला. हेरंबने टाक घेतला. त्याचे अक्षर सुरेख होते, पण ही सही वेडीवाकडी आली. ती संपवून त्याने मान वर केली आणि सुगंधाकडे पाहून म्हणाला, "पट्ट्या मी जाळल्या."

सुगंधा तत्काळ क्षमा करून मोकळी झाली, असे समजू नये. तिने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि म्हणाली, "ती नावं माझी नव्हती, सर. माझं काही कापलं असतं तर मी भांडले असते. त्यांच्या वतीने कोणी भांडायचं?" आणि दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. ते योग्यच होते.

शुक्रवारी मंडळाला पत्र गेले. दुसरे नाव सुगंधा हिलम हिचे होते. इंग्रजीची बाजू हेरंब सोवनी यांच्याकडे राहावी, अशी खाली एक ओळ होती. पत्राचा मसुदा हेरंबने स्वतः शुद्ध करून नलूताईंकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि प्रथमच टोमणा न मारता विचारले, "बरं आहे ना?"

"नाही," हेरंब म्हणाला. "जळफळाट होतोय." आणि हे बोलल्यावर त्याला कळले, की होत असतानाही मनुष्य पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ तपासू शकतो.

आपल्यालाही हा शब्द दुसऱ्यांच्या संदर्भात तेवढा येतो. आठवड्यातून एकदा तो स्वतःपुरता म्हणून पाहावा. घरातल्या कात्र्या जागच्या जागी राहतात.

पुढचे चार महिने हेरंबने रविवार आणि सुट्ट्या वाड्यांवर काढल्या. सुगंधाला आठवली तेवढी नावे तिने त्याला सांगितली. माणसाकडे जाऊन शब्द पुन्हा त्याच्या तोंडून ऐकायचा आणि साक्ष नव्याने लिहायची, असे तात्यांनी ठरवून दिले होते. पहिल्या वाडीवर लोकांनी त्याला जमिनीची मोजणी करणारा समजून दारे लावून घेतली. दुसऱ्या वाडीवर एका म्हाताऱ्याने घोरपडीच्या पिलाचे नाव सांगण्याआधी त्याला तीन तास बसवून घरच्या गोष्टी सांगितल्या आणि तो त्या ऐकत बसला. एकेक करून आठ साक्षी परत आल्या.

नववा शब्द होता कातळावरच्या, गळ्याखाली पंखा उघडणाऱ्या सरड्याचा. तो सुगंधाला बुधवारच्या बाजारात, कंद विकायला बसलेल्या एका बाईने सांगितला होता. ती सुगंधाच्या ओळखीची नव्हती. नाव-गाव विचारून चिठ्ठीवर उतरवले, म्हणजे ते जपले गेले, असे समजून सुगंधाने ते पाठ केले नव्हते. हेरंब रजा घेऊन सात बुधवार त्या बाजारात उभा राहिला. त्याने कंद विकणाऱ्या प्रत्येक बाईला तो शब्द म्हणून दाखवला. काही हसल्या. एकीने सांगितले, तशी एक यायची, पलीकडच्या डोंगरावरून. या वर्षी आलेली नाही. तिचे नाव त्या बाईला ठाऊक नव्हते.

खंड छापून झाला. पानावर आठ नावे आहेत. नवव्या चिठ्ठीवर साक्ष नाही, म्हणून तो शब्द छापलेला नाही, आणि त्याच नियमाने येथेही देता येत नाही. ती बाई कोण होती, हे अद्याप कोणालाही सांगता आलेले नाही.