गच्चीसमोरचा उघडा वाफा

मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरात थंडी बोचत नाही आणि उन्हाळाही अंगावर येत नाही. बारमाही फुललेल्या बागा पाहायला तिथे लांबून माणसे येतात. दरीच्या काठावर एका जुन्या हवेलीची अशीच बाग आहे. तिच्यात ऐन गच्चीसमोर, दोन खाटा मावतील एवढा जमिनीचा तुकडा उघडा पडलेला आहे. भोवती गुलाब, जास्वंद, भिंतीवरून ओसंडणारी बोगनवेल. या तुकड्यावर मात्र गवताचे पातेही नाही. बाग दाखवणाऱ्या ओफेलिआबाई तिथल्याच मोहल्ल्यातल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. इथे काही उगवत नाही का, असे पाहुणे विचारतात.

"या मातीत सगळं उगवतं," त्या म्हणतात. "तेच तर दुखणं आहे."

मग त्या शोकोची हकिकत सांगतात.

स्पॅनिश लोकांचे राज्य नुकते बसले होते, तेव्हाची गोष्ट. इथे बाग नव्हती, मक्याची शेते होती. शोको म्हणजे तिथल्या बोलीत धाकटी. तिच्या घरच्यांनी दुसरे नाव ठेवलेच नाही. एका वर्षी अशी साथ आली, की मेलेल्यांना पुरायला माणसे उरली नाहीत. शोकोची दोन्ही मुले एकाच आठवड्यात गेली. तिने आणि नवऱ्याने त्यांना शेताच्या कडेलाच पुरले. पाठोपाठ नवराही गेला. त्याला गावाने उचलून नेले. तेव्हा शोको स्वतःच तापाने पडलेली होती.

ओस पडलेली ती जमीन राजधानीतल्या एका सरदाराला मिळाली. त्याची बायको लेओनोर छातीच्या दुखण्याने बेजार होती आणि इथली हवा तिला मानवेल, असे वैद्य म्हणाले होते. हवेलीचा पाया खणायला माणसे आली, तेव्हा शोको सरदारापुढे जाऊन उभी राहिली. जमीन घ्या, म्हणाली, एवढा तुकडा तेवढा सोडा, आणि मी मेले की मलाही पोरांशेजारी ठेवा. सरदाराने चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत शब्द दिला. बदल्यात तिने बाग उभी करायची.

तिने ती केली. दगड वेचले, झऱ्याचे पाणी पाटाने फिरवले, दूरदेशाहून आलेली रोपे हाताने जगवली. राजधानीतून लोक बाग बघायला येऊ लागले. लेओनोरबाईंचा खोकला थांबला. बाई मनाने वाईट नव्हत्या, असे सांगतात. शोकोला त्या आपल्या ताटातले देत, तिच्या सणाला तिला नवे लुगडे देत. फक्त रोज सकाळी गच्चीवर आल्या, की समोरचा तो ओबडधोबड मातीचा ढिगारा त्यांच्या डोळ्यांत खुपे.

एकदा त्यांनी शोकोला शेजारच्या खोऱ्यातून कलमे आणायला पाठवले. ती परतली, तेव्हा बाई स्वतः फाटकापर्यंत सामोऱ्या आल्या आणि तिचा हात धरून तिला घेऊन गेल्या. ढिगारा नव्हता. तिथे कळ्यांनी भरलेले पांढरे गुलाब होते.

"बघ," बाई म्हणाल्या, "तुझ्या पोरांना फुलांचं अंथरूण घातलं."

शोकोने माळ्यांकडे पाहिले. एकाने मान खाली घातली. मुळांसाठी खोल खणावे लागले होते. जे वर आले, ते मुकादमाने दरीत टाकायला लावले होते. बाईंना हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते.

शोको दरीत उतरली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि ओढा तुडुंब वाहत होता. संध्याकाळपर्यंत ती चिखल चाळत राहिली. हाती काही लागले नाही. वर आल्यावर तिने गुलाब एकेक करून उपटले. काट्यांनी हात सोलून निघाले, तरी फडके बांधले नाही. मुकादमाने चाबूक उगारला, तेव्हा बाईंनीच त्याला अडवले. त्यांना रडू आवरत नव्हते. तुला काय हवे, त्या विचारू लागल्या. क्रूस उभारू? मुलांच्या नावाने प्रार्थना ठेवू?

"काही नको," शोको म्हणाली. "इथली हवा गोड आहे, बाई. ती चार दिवसांत सगळं झाकून टाकते. तुम्ही सकाळी गच्चीवर याल, तेव्हा हे उघडं दिसलं पाहिजे."

त्यानंतर तिने सगळी बाग पूर्वीसारखीच राखली आणि रोज पहाटे त्या वाफ्यात आलेला कोंब न् कोंब उपटला. बाईंनी गच्चीकडचे दार लावून घेतले आणि बिऱ्हाड मागच्या खोल्यांत हलवले. हवा मानवली होती. त्या खूप वर्षे जगल्या. शोको आधी गेली. मला तिथे ठेवू नका, तिथे आता कोणी नाही, एवढेच ती शेवटी बोलली म्हणे. तिला गावाच्या स्मशानात पुरले आणि त्याच आठवड्यात बाईंनी दार उघडून पुन्हा गुलाब लावून घेतले. सकाळी ते उपटून पायरीवर ठेवलेले होते. कोणी उपटले, हे मोहल्ल्यातल्या एकाही बाईने सांगितले नाही.

आजही त्या मोहल्ल्यातल्या बायका पाळीपाळीने येतात, गुडघे टेकतात आणि उगवलेले सगळे हाताने उपटून काढतात. ओफेलिआबाईही बोलता बोलता वाकून एखादे पाते खुडतात. हकिकत संपते. मग पाहुणे गच्चीवर फोटो काढायला उभे राहतात, आणि फोटो काढणारा त्यांना थोडे डावीकडे सरकायला सांगतो, म्हणजे मागे नुसती फुले येतात.