अर्धकावळा

“ते पाखरू तिच्याच हातचं खातं, कारण तिनं त्याच्या पिल्लाचा पाय बांध…”

पाणवठ्यावर दोन बायका बोलत होत्या. एवढे बोलणे झाले आणि त्यांना सुलोमा येताना दिसली. दोघींनी घागरी उचलल्या, आज ऊन फार आहे असे काहीतरी म्हटले आणि वाट धरली. सुलोमा तिथेच उभी राहिली. अर्धे बोलणे कानात शिरले की उरलेले अर्धे माणूस स्वतःच रचते, आणि मनात जे साठलेले असेल तेच त्यात भरते. घरी पोचेपर्यंत सुलोमाने ते वाक्य पुरे केले होते. “बांधून ठेवलाय!”

ही गोष्ट फार पूर्वीची. दक्षिण समुद्रापलीकडच्या एका द्वीपावर समुद्रदत्त राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका काळ्यापांढऱ्या पाखराच्या जन्मास आला होता. त्या द्वीपाची तऱ्हाच निराळी. तिथली झाडे पाने गाळत नसत, साल गाळत. आपल्याकडे भाद्रपदाचा चिखल असतो, तेव्हा तिथे वसंत येई. सकाळी अंगण झाडायला बाहेर पडावे तर फांदीवरून एक जाड मानेचे पाखरू माणसासारखे खो खो हसे, आणि नव्या सुनेला वाटे, हे आपल्यालाच हसते आहे. तुऱ्याचे पांढरे पोपट दाराच्या चौकटी कुरतडून ठेवीत.

आपल्या मुलखातून गलबताने गेलेली काही कुटुंबे दोन पिढ्यांपूर्वी त्या किनाऱ्यावर वसली होती. त्यांनी बियाणे नेले, पाटा-वरवंटा नेला, देव नेले. कावळा न्यायचे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

वस्तीत पहिले माणूस वारले तेव्हा पंचाईत झाली. दहाव्या दिवशी पिंडाला शिवायचे कोणी? शेवटी एका म्हाताऱ्या नावाड्याने झाडावरच्या काळ्यापांढऱ्या पाखराकडे बोट केले. “हा अर्धा तरी काळा आहे. परमुलखात अर्ध्यावर भागवावं.” तेव्हापासून त्या पाखराचे नाव अर्धकावळा पडले आणि पिंडाचा मान त्याच्याकडे गेला. तो शिवला की गेलेले माणूस तृप्त होऊन गेले. नाही शिवला तर घरात त्याचे काही कमी झाले असणार, असे सगळी वस्ती धरून चाले. पाखराला यातले काही कोणी विचारले नव्हते.

अर्धकावळा हे मोठे समजुतीचे पाखरू. मान कलती करून तो जमिनीला कान लावी आणि मातीखालचा किडा नेमका हेरी. पहाटे सगळे कुटुंब मिळून गाई. पण घरट्यात अंडी असली की तो कोणाची गय करीत नसे. ज्याने एकदा त्रास दिला त्याचा चेहरा त्याच्या ध्यानात पक्का राही, आणि मागून येऊन तो नेमके त्याचेच डोके टोची.

बोधिसत्त्वाचे घरटे सुलोमाच्या परसातल्या उंच झाडावर होते. पण खाली उतरायचे झाले की तो कुडाच्या पलीकडे, धारिणीच्या अंगणात उतरे. धारिणीचा नवरा चार वर्षांपूर्वी गलबतावर गेला होता आणि त्याची खबर नव्हती. ती शिळ्या भाकरीचा चुरा तळहातावर घेऊन उंबऱ्यात बसे, आणि नर-मादी दोघे येऊन तिच्या हातचे खात.

हे सुलोमाला सोसवत नव्हते. झाड माझे, आणि पाखरू तिच्या दारात! तिने तूप घालून भात ठेवला, तो पोपटांनी खाल्ला. तिने डाळ भिजवून ठेवली, ती घुशीने नेली. वसंतात तर तिला घराबाहेर पडायची चोरी होई. अर्धकावळा तिच्याच डोक्यावर झेपावे. म्हणून ती डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर घालून पाण्याला जाई. खापराला मागच्या बाजूने काजळाचे दोन डोळे काढलेले असत, म्हणजे पाखराला वाटावे की ही मागूनही बघते आहे.

“वहिनी,” धारिणी एकदा कुडावरून म्हणाली, “पुढच्या डोळ्यांपेक्षा मागचे छान काढलेत हो.”

“हस, हस,” सुलोमा म्हणाली. “तुझ्या दारी राजहंस उतरतात. आमच्या नशिबी खापर.”

शेजारच्या अंगणात कोणाची नजर जात नाही? जातेच. पण नजर जाऊन परत यावी. सुलोमाची परत येईना. कुडाच्या एका फटीला डोळा लावून ती उभी राही, आणि चुलीवरचे दूध उतू जाई. धारिणी कधी बाहेर येते, जीभ टाळ्याला लावून दोनदा कशी वाजवते, अंगावर हळदीच्या रंगाचे पांघरूण कसे घेते, सगळे तिला पाठ झाले. त्या अंगणात सकाळ-संध्याकाळ एकच ताट घासले जाते, हे मात्र फटीतून रोज दिसूनही तिने कधी पाहिले नाही.

आणि त्यात पाणवठ्यावरचे ते अर्धे वाक्य. आता तिला खात्रीच पटली. धारिणीने पिल्लू पाय बांधून डांबले आहे आणि त्याच्या जोरावर ती आईबापांना दारात नाचवते आहे.

त्याच आठवड्यात सुलोमाची सासू वारली. तीन वर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती. या तीन वर्षांत सुलोमाने तिचे काय काय केले ते घरच्या भिंतींना माहीत, बाहेर कोणाला दिसण्यासारखे त्यात काही नव्हते. रडून झाल्यावर पहिला विचार तिच्या मनात आला तो दहाव्याचा. अर्धकावळा तर तिचा वैरी. तो शिवला नाही तर सगळी वस्ती म्हणणार, सुनेने हाल केले. आणि खरे सांगायचे तर वस्तीपेक्षाही तिला दुसरीच भीती होती. आत्याबाई खरोखरच अतृप्त गेल्या असतील तर?

नवव्या दिवशी धारिणी पाण्याला गेलेली पाहून सुलोमाने तिच्या दोरीवरचे हळदी पांघरूण काढून आणले. पाखरू या पांघरुणाला ओळखते, असा तिचा हिशेब.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला. पळसाची पाने तिथे मिळत नसत, म्हणून झाडाच्या सालीवरच भाताचा गोळा ठेवला. सुलोमा हळदी पांघरूण डोक्यावरून घेऊन पिंडाशेजारी उभी राहिली आणि तिने जीभ दोनदा वाजवली. बोधिसत्त्व समोरच्या झाडावर मादीशेजारी बसला होता. त्याने मान कलती करून पाहिले आणि तो जागचा हलला नाही.

सुलोमाचा नवरा भद्रसेन हात जोडून पुढे झाला. “आई, तुझी कपिला गाय विकणार नाही.” पाखरू हलले नाही. “आई, धाकट्याशी बोलणं सुरू करतो.” नाही. “आई, परसातला फणस… फणसाचं तू म्हणशील तसं.” ऊन डोक्यावर आले. मागे कुजबुज सुरू झाली.

“गायीचं नाही हो हे. सुनेचंच काहीतरी असणार.”

पुरोहितांनी घाम पुसला आणि पिशवीतून दर्भ काढला. “किती वेळ थांबायचं? दर्भाचा कावळा करू आणि शिववून घेऊ.”

“दर्भाचा नको,” सुलोमा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “अजून थोडं थांबा, महाराज. पाया पडते.”

झाडावर मादी म्हणाली, “हीच ती. दोन वर्षांपूर्वी काठीनं आपलं घरटं पाडलं. पिवळं पांघरलं म्हणून तोंड बदलतं का?”

“नाही बदलत,” बोधिसत्त्व म्हणाला.

“मग बसून राहा. होऊ दे तिची शोभा. आणि आपल्या पोराचं बघ. ते धारिणीच्या टोपलीत आहे. पाय जुळून पंधरा दिवस झाले, तरी ती झाकण उघडत नाही. आपण रोज दारात जातो म्हणून ती खूश आहे. आज तिच्यासमोर हिच्या घासाला शिवलास आणि ती रागावली, तर झाकण कधीच उघडणार नाही.”

मादीचे म्हणणे खोटे नव्हते.

खाली धारिणी गर्दीतून पुढे आली होती. तिने बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, “वहिनी, हे पांघरूण माझं ना?”

मागे दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. ते हसू सुलोमाला आरपार गेले. तिने पांघरूण ओढून धारिणीच्या अंगावर फेकले.

“घे! तुझंच आहे. पाखरू तुझं, पांघरूण तुझं, माझ्या झाडावरचं गाणंसुद्धा तुझं! त्याचं पिल्लू पाय बांधून डांबतेस, वर साळसूद बनून चुरा घालतेस. तूच अडवलंयस त्याला. तीन वर्षं, तीन वर्षं मी त्यांना घास भरवला, आणि आज हे सगळे मला काय म्हणतील?”

सगळे धारिणीकडे बघू लागले. तिचा चेहरा पांढरा पडला.

त्या क्षणी बोधिसत्त्व फांदीवरून सुटला. तो सरळ सुलोमाच्या दिशेने येताना दिसला, तशी तिने सवयीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती खाली बसली. पण तो तिच्या डोक्यावरून पुढे गेला, पिंडाशेजारी उतरला आणि त्याने भातात एकदा चोच घातली. मग आणखी एकदा.

भद्रसेनाने सुटकेचा निःश्वास टाकला. पुरोहितांनी दर्भ पिशवीत ठेवला. तेव्हा पाखरू मनुष्यवाणीने बोलू लागले.

“मी कावळा नाही. माझ्या चोचीनं कोण तृप्त होतं ते मला ठाऊक नाही. मी झाडावर राहतो, म्हणून मला अंगण दिसतं. ही बाई रोज सकाळी म्हातारीला कडेवर उचलून उन्हात आणायची. तिचे केस विंचरायची. फणीत आलेले पांढरे केस वाऱ्यावर सोडायची. माझं या वर्षीचं घरटं आतून त्याच केसांचं आहे. म्हातारी अतृप्त गेली असं ज्याला वाटतं, त्यानं वर चढून बघावं.”

मग त्याने ही गाथा म्हटली :

“मुखे ध्यानात ठेवतो, पिलांस जपणे असते;
वैर ध्यानात ठेवीना, मला अजून उडणे असते.”

सुलोमाने डोक्यावरचे हात काढले. ती पाखराकडे बघत राहिली आणि बराच वेळ तिला रडूही आले नाही. मग आले.

धारिणी केव्हा निघून गेली ते कोणाच्या ध्यानात आले नाही. ती परत आली ती बांबूची टोपली छातीशी धरून. टोपली तिने पाखरापुढे ठेवली आणि झाकण काढले. आत करड्या पिसांचे पिल्लू होते. त्याचे दोन्ही पाय मोकळे होते.

“वादळात खाली पडलं होतं,” ती म्हणाली. “पाय मोडला होता. कामटी लावून मी बांधला, एवढं खरं. डांबायला नव्हता बांधला. पण जुळल्यावर सोडायला हवं होतं. आज सोडू, उद्या सोडू म्हणत राहिले. वाटलं, हे गेलं की ही दोघं कशाला येतील माझ्या दारी? दुसरं कोण येतं?”

पिल्लू टोपलीच्या काठावर चढले, दोनदा धडपडले आणि खालच्या फांदीवर जाऊन बसले. मादी लगेच त्याच्याजवळ गेली. बोधिसत्त्व धारिणीसमोर क्षणभर थांबला, आणि मग तोही गेला.

दुसऱ्या दिवशी धारिणीच्या अंगणात कोणी उतरले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती चुरा घेऊन बसे आणि तसाच झटकून आत जाई. चौथ्या सकाळी मादी आली नाही, पिल्लू आले नाही, पण तो एकटा आला आणि कुडावर बसला. सुलोमा फटीजवळच उभी होती. ते पाहून तिच्या पोटात थोडे दुखलेच. जन्माची सवय चार दिवसांत जात नाही. तरी तिने हाक मारली, “धारिणी, अगं बाहेर ये, आलाय बघ!”

पुढे पाणवठ्यावर त्या दोन बायकांनी सुलोमाला गाठलेच. “काय गं, पिल्लाचा पाय बांधला होता म्हणे?”

“बांधला होता,” सुलोमा म्हणाली. “मोडला होता म्हणून. आणि मग थोडे दिवस जास्त ठेवून घेतलं. तुमचं निम्मं खरं, निम्मं नाही.” घागर भरून ती निघाली. उरलेले निम्मे त्या दोघींनी कसे पुरे केले, कोण जाणे.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली तेव्हा समोर चित्रा आणि रेवती या दोन शेजारणी बसल्या होत्या. भिक्षू तिच्या ओसरीवर थांबतात, माझ्या नाही, एवढ्या कारणावरून चित्रेने महिनाभर रेवतीशी बोलणे टाकले होते. शास्ते म्हणाले, “चित्रे, त्या जन्मीची सुलोमा तू होतीस. रेवती, धारिणी तू. मादी म्हणजे राहुलमाता, टोपलीतले पिल्लू म्हणजे राहुल. आणि लोकांनी ज्याला अर्धकावळा म्हटले, ते पाखरू मी.” पाणवठ्यावरच्या दोघी कोण, हे त्यांनी सांगितले नाही, पण सभेतल्या पुष्कळ जणी खाली बघू लागल्या.

ज्याने घरटे पाडले त्याच्याही दुःखाशेजारी जाऊन बसायचे, आणि तिथे जे खरे दिसले ते चारचौघांत सांगायचे, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मात बोधिसत्त्वाने मैत्रीचा हा गुण पूर्णत्वास नेला.